भिंतीवरची काळी बुरशी मायक्रोस्कोपखाली ओळखायची कशी? घणसोलीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत लिहिते. घणसोलीच्या एका ताईंच्या बेडरूममध्ये, कपाटाच्या मागच्या भिंतीवर, दर पावसाळ्यात काळे-हिरवट डाग येतात. मुलगी आठवीत आहे, तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी ही बुरशी ओळखून दाखवायचीय, म्हणून ऑनलाइन '२००० एक्स'वाला मायक्रोस्कोप मागवला. डाग खरवडून पाण्याच्या थेंबात टाकून बघितला तर काळे ठिपके, जाड काळ्या कडेचे गोल आणि दोन-चार दोरे, एवढंच दिसतंय. मोबाइलवर काढलेला फोटो टाकला तर कोणीतरी "ही टॉक्सिक ब्लॅक मोल्ड आहे, घर सोडा" असं लिहिलं. आता त्या विचारतायत की ही बुरशी कुठली, यापेक्षा मोठा मायक्रोस्कोप घ्यायचा का, आणि त्या खोलीत झोपणं धोक्याचं आहे का.

मी ठाण्यात एका लॅबमध्ये फंगसच्या स्लाइड आणि कल्चर (लॅबमध्ये मुद्दाम वाढवलेली बुरशी) बघायचं काम करते, त्याआधी कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. ताई, आधी हे सांगते की त्या फोटोवरून बुरशी टॉक्सिक आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. तेव्हा घर सोडायचा विचार डोक्यातून काढून टाका आणि बाकीचं शांतपणे वाचा.

तुमचे तीन प्रश्न वेगळे वाटतात पण अडलंय एकाच ठिकाणी. तुम्ही सुटे स्पोर, म्हणजे बुरशीचे बीजासारखे बारीक दाणे, बघताय, आणि बुरशी सुट्या स्पोरवरून ओळखत नाहीत. स्पोर कशावर आलाय, दांड्याला कुठे चिकटलाय, एकटा आहे का माळेत, माळेला फांद्या फुटतात का सरळ जाते, हे बघून ओळखतात. खरवडलं की नेमकी हीच रचना मोडते आणि हातात उरतात ठिपके. हवेतले स्पोर मोजणाऱ्या लॅबसुद्धा अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम ह्या दोन बुरश्यांचे सुटे स्पोर वेगळे मोजत नाहीत, रिपोर्टमध्ये दोघांचा एकच आकडा देतात, कारण दांड्यावरून गळून पडल्यावर दोघांचे बारीक गोल दाणे सारखेच दिसतात. म्हणजे तुमची नजर किंवा तुमचं मशीन कमी पडलेलं नाहीये, नमुना घ्यायची पद्धत बदलायला हवी.

आता ते २००० एक्स. लेन्स किती मोठं करते यापेक्षा दोन जवळचे बिंदू किती वेगळे दाखवते हे महत्त्वाचं, आणि त्याची मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याजवळच्या लेन्सवर, लिहिलेल्या एनए ह्या आकड्यावर (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) ठरते, हे अर्न्स्ट आबे ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्येच मांडलंय. साधारण ४० एक्स ऑब्जेक्टिव्हवर ०.६५ लिहिलेलं असतं, हिरव्या प्रकाशात त्याची मर्यादा येते ०.४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जरा वर. १०० एक्स ऑइल लेन्सवर, म्हणजे तेलाचा थेंब लावून वापरायच्या लेन्सवर, १.२५ असतं, तिची ०.२२ च्या आसपास. उपयोगी मॅग्निफिकेशन ह्या एनएच्या फार तर हजारपट, म्हणजे साडेबाराशेच्या पुढे नवीन काही दिसत नाही. कंपन्या १०० च्या लेन्सवर २० चा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळची लेन्स, लावतात आणि खोक्यावर २००० छापतात, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बोटांनी ताणून मोठा करण्यातला प्रकार आहे, चित्र मोठं होतं पण तपशील वाढत नाही. भिंतीवरच्या बहुतेक बुरश्यांचे स्पोर दोन-तीन मायक्रॉनपासून वीस-तीस मायक्रॉनपर्यंत असतात, त्यांना १० आणि ४० ची लेन्स पुरते. मी स्वतः लॅबमध्ये बुरशीची ओळख बहुतेक वेळा ४० वरच ठरवते, १०० ची ऑइल लेन्स स्पोरच्या सालीवर काटे आहेत का ती गुळगुळीत आहे एवढं बघायला लागते. रॉबर्ट हूकने १६६५ साली चामड्यावरच्या बुरशीचं चित्र छापलं होतं, त्याच्याकडची लेन्स आजच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपपेक्षा कितीतरी साधी, तरी त्या चित्रात दांडे आणि दांड्यांवरची डोकी वेगवेगळी ओळखू येतात. तेव्हा दुसरा मायक्रोस्कोप घेऊ नका. आहे त्यात एवढंच बघा की स्टेजच्या खाली कंडेन्सर (प्रकाश नमुन्यावर एकवटणारी लेन्स) आणि डायफ्रॅम (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारी झडप) आहे का, आयपीस १० चा मिळालाय का, आणि ऑब्जेक्टिव्हवर एनए लिहिलाय का. हे असेल तर काम होईल. खाली नुसता एलईडी असेल आणि डायफ्रॅम अजिबात नसेल तर मात्र तंतू दिसायला त्रास होईल, तेव्हा दुकानदाराला परत करता आला तर करा.

नमुना घ्यायची पद्धत सांगते, ही नीट करा कारण नव्वद टक्के ओळख इथेच होते किंवा हुकते. साधी पारदर्शक सेलोटेप घ्या, ब्राऊन नको, धुरकट दिसणारीही नको. बोटभर तुकडा कापा, दोन्ही टोकं धरा आणि मधला चिकट भाग डागाच्या कडेला अलगद टेकवा. मधोमध नाही, कडेला. मधला भाग म्हातारा असतो, तिथे नुसती स्पोरची भुकटी साचलेली असते, कडेला नवीन वाढ चालू असते आणि तिथे दांड्यांवर स्पोर जागच्या जागी मिळतात. घासायचं नाही, दाबायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. तोंडाला एन-९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा, आणि घरात कोणाला दमा असेल तर तेवढा वेळ त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

मग टेपच्या चिकट बाजूवर सर्जिकल स्पिरिटचा एक थेंब टाका आणि तो जवळजवळ उडून जाऊ द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात बुडबुडेच दिसतायत. बऱ्याच बुरश्यांच्या स्पोरना पाणी धरत नाही, ते थेंबात भिजायच्या ऐवजी स्वतःभोवती हवा धरून बसतात, स्पिरिटने ती हवा सुटते. स्लाइडवर द्रवाचा एक थेंब ठेवा, टेप चिकट बाजू खाली करून एका कडेने हळूहळू त्यावर टाका, वर जास्तीचं आलेलं टिश्यूने टिपा. झाली स्लाइड.

द्रव कुठला, तर आम्ही लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू वापरतो, बोलताना नुसतं एलपीसीबी म्हणतो. त्यातलं फिनॉल बुरशी मारतं, लॅक्टिक अ‍ॅसिड आकार टिकवतं, ग्लिसरीनमुळे स्लाइड वाळत नाही, आणि कॉटन ब्लू बुरशीच्या पेशीभित्तिकेला निळी करतो. पण फिनॉल त्वचा भाजतं आणि आठवीच्या मुलीच्या हातात मी ते देणार नाही. घरी अर्धं ग्लिसरीन अर्धं पाणी घ्या, त्यात फाउंटन पेनची निळी शाई अगदी टिपका भर, पुरे होतं. आणि तुमची बुरशी काळी आहे, तिचा स्वतःचाच रंग असतो, त्यामुळे पहिली स्लाइड बिनशाईची बघा. तो तपकिरी, ऑलिव्ह, धुरकट रंग ही ओळखीची मोठी खूण आहे आणि शाईने ती झाकली जाते.

प्रकाशाबद्दल एक गोष्ट, आणि ही कॉलेजातल्या मुलांनासुद्धा दरवर्षी परत परत सांगावी लागते. दिवा फुल्ल आणि डायफ्रॅम पूर्ण उघडा ठेवला की बिनरंगाचे तंतू उजेडात विरघळून जातात. आयपीस काढा, नळीतून खाली बघा, उजेडाचा गोल दिसेल, डायफ्रॅम एवढा बंद करा की तो गोल साधारण दोन तृतीयांश ते पाऊण राहील, आणि आयपीस परत लावा. उजेड कमी-जास्त करायचा तर दिव्याच्या बटणाने करायचा, डायफ्रॅमने नाही. ऑब्जेक्टिव्ह बदलली की हे परत जुळवायचं. एवढं केल्यावर जे दोरे आधी भुतासारखे दिसत होते त्यांच्यात आडवे पडदे, म्हणजे पेशी-पेशींमधल्या भिंती, दिसायला लागतात.

पण भिंतीची स्लाइड लगेच करू नका, असा माझा आग्रह आहे. मी नवीन आलेल्या कोणालाही अनोळखी नमुना पहिल्या दिवशी देत नाही. आधी ज्यांचं नाव जवळजवळ नक्की आहे अशा बुरश्या बघायच्या, डोळ्याला सवय लागू द्यायची, आणि त्या सगळ्या तुमच्या स्वयंपाकघरात आहेत.

पहिला कांदा. वाशीच्या मार्केटमधून आलेल्या कांद्याच्या वरच्या सालीखाली काळी भुकटी असते ना, शिरांच्या रेषेत, जी आपण धुऊन टाकतो, ती अ‍ॅस्परजिलसच्या काळ्या गटातली. तिच्यावर टेप टेकवा आणि १० वर बघा. लांब, गुळगुळीत, बिनपडद्याचे दांडे दिसतील आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला काळा गोल गड्डा. आता ४० लावून त्या गड्ड्याच्या कडेवर फोकस करा आणि बारीक नॉब अगदी केसभर पुढे-मागे फिरवत राहा. दांड्याचं टोक फुगून गोळा झालेला दिसेल, त्या गोळ्यावर सगळीकडून पेशींचा एक थर उभा, त्या थरावर बाटलीच्या आकाराच्या आणखी लहान पेशींचा दुसरा थर, आणि त्या प्रत्येकीच्या तोंडातून स्पोरची माळ बाहेर. सगळ्यात नवा स्पोर बाटलीच्या तोंडाशी असतो आणि जुने पुढे ढकलले जातात. काळ्या गड्ड्यात हे दिसत नसेल तर जरा कोवळं, अजून पूर्ण काळं न झालेलं डोकं शोधा, ते एकाच टेपवर दहा गड्ड्यांमध्ये एखादं तरी सापडतं. हे एकदा डोळ्यांनी नीट बघितलं की अ‍ॅस्परजिलस तुम्ही आयुष्यात विसरणार नाही.

आणि इथेच मर्यादाही कळते. ह्या कांद्याच्या बुरशीला आम्ही वर्षानुवर्षं सरसकट अ‍ॅस्परजिलस नायजर म्हणायचो. डीएनए तपासायला लागल्यावर कळलं की कांद्यावर बरेचदा अ‍ॅस्परजिलस वेल्विचिए नावाची तिची जवळची जात असते, आणि मायक्रोस्कोपखाली दोघींमध्ये फरक करता येत नाही. म्हणजे इतका ओळखीचा नमुना, तरी प्रजाती म्हणजे जीनस सांगता येते आणि जात सांगताना थांबावं लागतं.

दुसरं संत्रं किंवा मोसंबी. हिरवी भुकटी आणि भोवती पांढरी रुंद कड असेल तर पेनिसिलियम डिजिटॅटम. इथे दांड्याच्या टोकाला फुगीर गोळा नाही, दांड्याला टोकाशी थोड्या फांद्या फुटतात, फांद्यांवर बाटलीसारख्या पेशी आणि त्यांच्यातून माळा. ह्या जातीचे स्पोर लांबट आणि पेनिसिलियमच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे शिकायला बरं. कांदा आणि संत्रं शेजारी शेजारी ठेवून मुलीला दोन्हीची चित्रं हाताने काढायला सांगा. फोटो नको, चित्र. काढताना लक्षात येतं की दांडा कुठे संपला हे आपण बघितलंच नव्हतं आणि मग ती परत आयपीसला डोळा लावते.

तिसरा पाव. पॅकेटच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखायला कॅल्शियम प्रोपियोनेट असतं, तो वेळ लावतो, बेकरीचा लादी पाव ओलसर करून झाकणाच्या डब्यात ठेवला तर आपल्याकडच्या पावसाळी हवेत दोन-चार दिवसांत कापसासारखी राखाडी वाढ येते आणि तिच्यात डोळ्याला दिसतील असे काळे टिंब. तो बहुतेक रायझोपस. त्याच्या तंतूंत आडवे पडदे जवळजवळ नसतातच, तंतू रुंद असतात, दांडे जिथून वर निघतात तिथेच खाली मुळांसारखे फाटे, आणि स्पोर माळेत नसून एका बंद गोल पिशवीत भरलेले. पिशवी फुटली की आतला घुमट उरतो. डबा घरात उघडत बसू नका, टेप लावायची तेवढ्यापुरता उघडा, आणि नंतर पाव डब्यासकट पिशवीत बांधून टाका. आणि कृपा करून घरी अगरच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर अनोळखी बुरशी वाढवू नका. एका प्लेटमध्ये प्रचंड स्पोर होतात आणि कधीकधी नको ती वाढते.

एवढं झालं की मग भिंत. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे ऑइल पेंट किंवा डिस्टेंपरची भिंत, कपाटाच्या मागे हवा नाही, काळपट-हिरवट डाग, मला सगळ्यात आधी क्लॅडोस्पोरियम वाटतंय, पण हा अंदाज आहे, स्लाइड बघितल्याशिवाय मी त्याला ओळख म्हणणार नाही. क्लॅडोस्पोरियममध्ये तंतू आणि स्पोर दोन्ही ऑलिव्ह-तपकिरी असतात, माळांना फांद्या फुटतात, आणि माळेच्या बुंध्याकडचे स्पोर लांब नि मोठे तर टोकाकडचे बारीक लिंबाच्या आकाराचे, शिवाय प्रत्येक स्पोरच्या टोकाला, जिथून तो तुटला तिथे, एक गडद ठिपका. तो ठिपका शोधा. माळा इतक्या नाजूक असतात की टेपवरसुद्धा तुटतात, पण एकाच भागात वेगवेगळ्या मापांचे आणि टोकाला गडद डाग असलेले स्पोर एकत्र दिसले तर मी क्लॅडोस्पोरियम लिहायला तयार होते.

बाकी जे आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या भिंतींवर सापडतं त्यात अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम आता तुम्हाला माहीत झाले. अल्टरनेरियाचे स्पोर मोठे, तपकिरी, उभ्या आणि आडव्या दोन्ही भिंती असलेले आणि एका टोकाला निमुळते. कर्व्ह्युलारियाचे स्पोर वाकलेले, बहुतेक चार पेशींचे, आणि मधली एक पेशी बाकीच्यांपेक्षा फुगीर नि गडद. ह्या दोघांचे मात्र सुटे स्पोरसुद्धा ओळख देतात, म्हणून सुरुवातीला मी म्हटलं त्याला हे अपवाद धरा. खिडकीजवळच्या डागात हे बाहेरच्या झाडापानांवरून उडून आलेलेही असू शकतात, तेव्हा एखादा स्पोर दिसला म्हणजे तो भिंतीवर वाढतोय असं नाही, दांड्यासकट दिसला तर वाढतोय.

आता ती 'टॉक्सिक ब्लॅक मोल्ड'. लोकांच्या मनात जे नाव असतं ते स्टॅकिबॉट्रिस. तिला सतत भिजलेला कागद किंवा पुठ्ठ्यासारखा माल लागतो, म्हणजे जिप्सम बोर्डचा कागद, भिजलेला वॉलपेपर, फॉल्स सीलिंगमागचं बरेच दिवस गळणारं पाणी. विटेच्या, प्लास्टरच्या, रंग दिलेल्या भिंतीवर पावसाळ्यापुरती ओल आली म्हणून ती येईल ही शक्यता कमी. मायक्रोस्कोपखाली तिचे दांडे काळपट, टोकाला सात-आठ फुगीर पेशींचा झुबका, आणि त्यावर माळा नाहीत, चिकट गोळ्यात अडकलेले गडद लंबगोल स्पोर. काळा रंग शेकडो बुरश्यांचा असतो, रंगावरून हिचं नाव घेणं चूक आहे. तसंच २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्याला सगळे 'ब्लॅक फंगस' म्हणत होते, ज्याची नोंद सक्तीची करायला केंद्राने त्या मे महिन्यात राज्यांना सांगितलं, तो म्युकरमायकोसिस, त्याचा भिंतीवरच्या काळ्या डागाशी संबंध नाही. तो रोग होतो तो पावावरच्या रायझोपसच्या कुळातल्या बुरशीमुळे, तिथे काळं पडतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं पेशंटचं मांस, बुरशीचे तंतू बिनरंगीच असतात. त्या दिवसांत आमच्याकडे रात्री-बेरात्री नमुने यायचे आणि केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ह्याच्या थेंबात ते रुंद, पट्टीसारखे, काटकोनात फाटे फुटलेले तंतू दिसले की लगेच फोन करून सांगावं लागायचं, म्हणून ह्या नावांची सरमिसळ झालेली मला बघवत नाही.

तुम्हाला दिसलेले जाड काळ्या कडेचे गोल म्हणजे बहुतेक हवेचे बुडबुडे. फोकस हलवला की त्यांची कड जाड-बारीक होते आणि आत काहीच नसतं. दोऱ्यांपैकी जे एकटे, लांबलचक, मधेमधे पीळ पडलेले असतील ते कपड्यांचे सुती धागे, बुरशीच्या तंतूला फांद्या असतात आणि रुंदी बऱ्यापैकी सारखी राहते. स्वयंपाकघराजवळच्या नमुन्यात पिठाचे दाणे येतात, त्यांना आयोडिन लावलं की निळे-काळे होतात, स्पोर होत नाहीत. आणि भिंतीवर जर कुठे पांढरी भुकटी असेल तर आधी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. बरेचदा तो लोणा असतो, ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार. १० वर कडा धारदार असलेले स्फटिक दिसतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत थेंबात विरघळायला लागतात. बुरशी पाण्यात विरघळत नाही. लोकं ह्या क्षारावर अँटीफंगल रंग मारत बसतात आणि ओल तशीच राहते, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

मापाशिवाय ओळख अर्धवट राहते. लॅबमध्ये स्टेज मायक्रोमीटर असतो, एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेली स्लाइड, तिच्यावरून आयपीसमधली पट्टी जुळवतो. घरी त्याची गरज नाही. आयपीसवर १० एक्स/१८ असं काही लिहिलंय का बघा. त्या १८ ला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागायचं, म्हणजे ४ वर दिसणाऱ्या गोलाचा व्यास साडेचार मिलिमीटर, आणि ४० वर ०.४५ मिलिमीटर, म्हणजेच ४५० मायक्रॉन. ४ चा आकडा पारदर्शक पट्टी स्टेजवर ठेवून पडताळता येतो. मग ४० वर एखादा स्पोर गोलाच्या व्यासाच्या शंभराव्या भागाएवढा दिसला तर तो साडेचार मायक्रॉनचा. कांद्यावरच्या स्पोरचं माप साधारण साडेतीन ते पाचमध्ये यायला हवं, तसं आलं तर तुमची पद्धत बरोबर आहे.

धोक्याच्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत सांगते. भिंतीपुरतं बोलायचं तर नाव कळलं काय आणि नाही कळलं काय, करायचं तेच आहे. ओल कुठून येतेय ते शोधा, बाहेरच्या भिंतीची भेग असेल, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं लीकेज असेल, सोसायटीच्या मागे लागा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. डाग कोरडा झाडू नका, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळवा. ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. त्या खोलीत झोपणाऱ्याला दमा असेल, सतत शिंका-खोकला असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर खोली बदला आणि डॉक्टरांना डाग आहेत हे सांगा, कुठली बुरशी ते सांगता नाही आलं तरी चालेल. आणि कोणाला नायटा-गजकर्ण असेल तर घरी त्वचा खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवू नका, त्यासाठी केओएच लागतं, आणि त्यात त्वचेच्या पेशींच्या कडाच तंतूंसारख्या दिसून फसवतात.

खरंच जातीपर्यंत नाव हवं असेल तर कल्चर आणि मग आयटीएस नावाच्या डीएनएच्या भागाचं सिक्वेन्सिंग लागतं, २०१२ पासून बुरशीसाठी तोच मुख्य बारकोड धरला जातो, आणि अ‍ॅस्परजिलससारख्या काही गटांत तोही एकटा पुरत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे ओळखीचं काम होतं. शाळेच्या प्रोजेक्टला हे कशाला हवं, 'क्लॅडोस्पोरियम प्रजाती, अमुक खुणांवरून' एवढं लिहिलं तरी ते पूर्ण आणि खरं आहे. बॅक्टेरियाच्या बाबतीत तर मायक्रोस्कोप याच्याही आधी थांबतो. दह्याच्या थेंबाचा पातळ स्मिअर करून रंगवला तर काड्या आणि गोल दाण्यांच्या साखळ्या दिसतात, पण आकारावरून त्यांची नावं सांगता येत नाहीत. जिवंत हालचाल बघायची असेल तर मुलीला तळ्याच्या पाण्याचा थेंब दाखवा, आमच्या ठाण्यात तलावांना तोटा नाही, पाणवनस्पतीचं कुजकं पान थोडं पिळून ते पाणी १० वर ठेवलं की व्हॉर्टिसेला, रोटिफर, पॅरामेशियम हे पाण्यातले बारीक जीव सापडतात, शंभर-दोनशे मायक्रॉनचे असल्यामुळे त्यांना शोधावं लागत नाही.

एक मशीनबद्दल, कारण पावसाळा चालू आहे. जी बुरशी भिंतीवर येते ती लेन्सवरही येते, काचेवर जाळं पसरतं आणि कोटिंग कायमचं जातं. मायक्रोस्कोप प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवू नका, आत ओल कोंडते. घट्ट झाकणाच्या डब्यात निळी सिलिका जेल टाकून ठेवा, ती गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळी होते, ती कढई मात्र जेवणाला वापरू नका. तेल लावलंत तर लेन्स पेपरने लगेच टिपा, आणि १०० वरून ४० वर जाताना तेल असलेल्या स्लाइडवर ४० ची लेन्स आणू नका.

आता पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा असं करा. डागाचा साधा फोटो, नमुना डागाच्या कडेचा का मधला ते, १० वरचा एक फोटो ज्यात दांडे दिसतायत, आणि ४० वरचा एक छोटा व्हिडिओ ज्यात तुम्ही बारीक नॉब हळूहळू वर-खाली करताय. ४० वर एका वेळी जेमतेम मायक्रॉनभर जाडीच फोकसमध्ये असते, त्यामुळे एका फोटोत दांडा दिसतो तर स्पोर कुठे चिकटलाय ते दिसत नाही, व्हिडिओत दोन्ही सापडतं. शाई वापरली का, स्पिरिट टाकलं का आणि कोणती ऑब्जेक्टिव्ह होती ते लिहा. कांद्याच्या स्लाइडचा फोटोही सोबत टाका, तो नीट आला असेल तर भिंतीच्या फोटोवर मी जास्त खात्रीने बोलू शकेन.